खिडकीखालची जागा

नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्याने जुन्या, दुर्मिळ खेळण्यातल्या गाड्या विकायचा उद्योग घरातूनच सुरू केला. बघता बघता मागची खोली खोक्यांनी गच्च भरली. शेवटी मापाची कपाटं करून घ्यायची ठरली, तेव्हा सुताराने टेप लावला आणि कागदावर चारही बाजूंना कपाटं आखली.

"खिडकीखालचं कपाट नको," बायको दारातूनच म्हणाली.

"अगं, मग आगगाड्या काय माझ्या डोक्यावर ठेवू?"

"ठेवा. नाहीतरी रात्रंदिवस तिथेच असतात."

सुतार हसू दाबत म्हणाला, "काका, बाकीची कपाटं छतापर्यंत नेऊ. मावेल सगळं."

पण नवरा हिरमुसला. त्याचा हा नाद तिला कधीच पटला नव्हता. आता हक्काची खोली मिळाली, तर त्यातही हात आखडता.

"तेवढ्या जागेत तू असं काय ठेवणार आहेस?" त्याने जरा तिरसटपणेच विचारलं.

"माझी खुर्ची," ती म्हणाली. "ऑफिसात होतात, तेव्हा निदान संध्याकाळी तरी घरी यायचात."

सुतार उगाचच टेप गुंडाळत बसला. नवऱ्याने सुताराच्या कानामागची पेन्सिल काढून घेतली आणि कागदावरचं खिडकीखालचं कपाट खोडलं, शिवाय त्याच्या शेजारचंही.

"आणि तिथे काय?" तिने विचारलं.

"टेबल. चहाचे कप काय मांडीवर ठेवायचे?"