अकराव्या दिवसाचा जबाब

"अकराव्या दिवसाचं सांगा," चौकशीला आलेले साहेब म्हणाले. "घाई नको. आठवेल तसं."

या वाक्याची प्रविण महिनाभर वाट पाहत होता. वादळानंतर अकरा दिवस पेण तालुक्यात लाईट नव्हती. अकराव्या दिवशी सकाळी साडेअकराला त्याचा मेहुणा निलेश आळीच्या खांबावरच्या डीपीवर काम करता करता शॉक लागून खाली पडला, तो उठलाच नाही. निलेश वायरमन. बंद लाईनीवर चढला होता. बंद लाईनीत करंट आला कुठून, याचीच ही चौकशी.

प्रविणपुरतं उत्तर केव्हाच ठरलं होतं. ते समोरच्या बाकावर मान खाली घालून बसलं होतं. सबस्टेशनचा ऑपरेटर गुणाजी, रिटायर व्हायला आठ महिने उरलेला. म्हातारा काहीतरी विसरला, नको ते बटण दाबलं, आणि आता कबूल करत नाही.

प्रविणच्या शेजारी पूजा बसली होती. त्याची बायको, निलेशची एकुलती एक बहीण. "माझ्या भावाला कोणी मारलं ते कागदावर आल्याशिवाय मी माहेरात पाय टाकणार नाय," असं तिने बाराव्याच्या दिवशीच सांगून टाकलं होतं. आणि प्रविणने तिला शब्द दिला होता की नाव लिहून घेतल्याशिवाय मी गप्प बसणार नाय.

"साहेब, सुरुवातीपासून सांगतो," तो म्हणाला. थोडक्यात सांगणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

त्याने वादळात उडालेले पत्रे सांगितले. दुसऱ्याच दिवशी बाजारातून मेणबत्त्या संपल्या ते सांगितलं. बोअरचा पंप बंद, फोन बंद, सातव्या-आठव्या दिवशी तर वार कुठला यावरून आळीत भांडणं.

"त्यात माझा गणपतीचा कारखाना. चारशे मूर्ती रंगाच्या राहिलेल्या. कंप्रेसर नाय तर स्प्रे नाय. शेवटी रोह्याहून जनरेटर आणला भाड्याने. मेन स्विच पाडायचा, दोन्ही टोकांना पिना लावलेली वायर भिंतीतल्या प्लगात खुपसायची, की घरभर लाईट! सगळी आळी माझ्याकडे फोन चार्ज करायला. एकाला नाय म्हटलं नाय मी."

"खरं हाय," मागून पुतळीबाई बोलल्या. त्या समोरच्या घरातल्या. "माझ्या लेकीचा, किमयाचा सासरहून फोन लागला तो ह्याच्यामुळंच. देवमाणूस हाय."

प्रविणला बरं वाटलं. त्या अकरा दिवसांत तो आळीचा आधार होता, हे कुणीतरी सांगायला हवंच होतं.

"आजी, तुम्ही त्या वेळी घरात होतात?" साहेबांनी विचारलं.

"व्हय तर. भाजी निवडत होते. एकदम डोक्यावरचा पंखा हलला. अर्धा फेरा फिरला असेल. म्हटलं, आली गो बाय लाईट! आणि तेवढ्यात बाहेर बोंब उठली."

प्रविणने बाकावर थाप मारली. "ऐका साहेब! करंट आला होता. आणखी काय पुरावा पायजे?"

गुणाजीने मान वर केली. "साहेब, त्या दिवशी वरूनच सप्लाय आला संध्याकाळी चारला. साडेअकराला सबस्टेशनच मेलेलं. माझ्याकडं नव्हता तो करंट मी देणार कसा?"

साहेबांनी कागद उलटे-सुलटे केले. "वरच्या स्टेशनच्या रजिस्टरलाही चारच लिहिलेत," ते म्हणाले, चष्मा काढून डोळे चोळत. "आख्ख्या तालुक्यात कुठेच सप्लाय नाही, आणि यांचा पंखा फिरतो."

प्रविण पहिल्यांदाच गोंधळला. पुतळीबाई खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. दोन-दोन रजिस्टरं खोटी म्हणावीत, तर तेही जड जात होतं. मग खरं काय? त्याने पूजाकडे पाहिलं. ती साहेबांच्या पेनाकडे टक लावून बसली होती. नाव यायची वाट पाहत.

"निलेशशी तुमचं शेवटचं बोलणं कधी झालं?"

 प्रविण सांगू लागला.

"अकराला चहा घेतला त्याने आमच्याकडं. बिचारा दहा दिवस धड झोपला नव्हता. जाताना म्हणाला, 'दाजी, आज लाईट देतो बघा तुम्हाला.' मी कारखान्याच्या दारातून बघत होतो त्याला. तो डीपीवर चढला. लय अभिमान वाटला साहेब. मेहुणा कसला, भाऊच होता. म्हटलं, पोरगं एवढं वर चढून लाईट आणतंय, आपलं घर तयार पायजे. तसाच आत गेलो आणि मेन वर करून ठेवला."

साहेबांचं पेन थांबलं.

 प्रविण एकेकाच्या तोंडाकडे बघू लागला. आपण काय वावगं बोललो ते त्याला कळेना. गुणाजी बाकावरून अर्धवट उठला होता. महिनाभर शिव्या खाल्लेला हा माणूस आता सुटल्यासारखा दिसायला हवा होता. पण त्याचा चेहरा पार उतरला होता.

"प्रविण," गुणाजी हलकेच म्हणाला, लेकराशी बोलावं तसा. "मेन खाली असतो, तोवरच जनरेटरचा करंट घरात ऱ्हातो रे. मेन वर केला की तो बाहेर, खांबावर जातो. तू आधी जनरेटर बंद केला असशील. व्हय ना?"

व्हय म्हण बाबा, असं त्याचे डोळे सांगत होते.

पूजाने पेनावरची नजर काढली आणि नवऱ्याकडे वळवली.

"गणपती अर्धे रंगले होते, काका," प्रविण म्हणाला. "मधेच बंद कसा करणार?"