भाडेकरूसकट घर

"पार्ट टाइम म्हंजे अर्धा एजंट का?" जिलानीभाईंनी चष्मा कपाळावर सारला. "सकाळी क्लासच्या हाफिसात, दुपारून माझ्याकडं. बेटा, घर इकणं म्हंजे भाजी इकणं न्हाई."

मंजुश्री हसली. काम मागायला गाठलेला लातुरातला हा तिसरा ब्रोकर. पहिल्यानं आधी डिपॉझिट मागितलं, दुसऱ्यानं "नवऱ्याला घेऊन या" म्हणून वाटेला लावलं. जिलानीभाईंनी निदान खुर्ची तरी दिली, वर चहासुद्धा.

"एक घर विकून दाखवते, भाई. मग तुमच्या हाताखाली घ्या."

"कोणतं?"

भिंतीवरच्या फळ्यावर चिठ्ठ्या टाचल्या होत्या. तिनं औसा रोडच्या मागच्या घरावर बोट ठेवलं.

"या अल्ला! तेच सापडलं का?" भाई खदखदून हसले. "मालक पुण्याला, आत भाडेकरू. कुणी मास्तर हाय म्हणे. भाडेकरू म्हणलं की गिऱ्हाईक पळतंय."

"पहिलं अवघडच करावं, भाई."

पोरीत दम आहे, भाईंना वाटलं. विकलं तर हिला ठेवायची, त्यांनी शब्द दिला.

पहिलं गिऱ्हाईक रविकिरण. बायको, दोन लेकरं, आणि पाडव्याला घरात शिरायची घाई. मंजुश्रीनं घर दाखवलं आणि तोंडही उघडलं. "मागची खोली दुपारी लई तापते. शेजारी हॉस्टेल हाय, पोरं सारखी गाणी लावतेत बघा. आन् नळाचा भरोसा धरू नका." रविकिरण मान डोलवत गेला तो गेलाच.

नंतर रिटायर झालेले अमृतराव आले. त्यांनाही सून-नातवंडांसह राहायला यायचं होतं. त्यांना तिनं गच्ची गळते ती जागा बोटानं दाखवली.

"अगं माय!" भाईंनी कपाळावर हात मारला. "हरिश्चंद्रानं कधी दुकान चालवलं होतं का?"

"खोटं बोलून विकलं तर उद्या तोंड कसं दाखवू?"

भाई आतून मात्र खूश झाले. असं खरं बोलणारं माणूस या धंद्यात दिवा घेऊन शोधलं तरी मिळत नाही.

मग उदगीरचे महादेवप्पा आले, आडत दुकानवाले, सोबत बायको सिद्धम्मा. पोरगा बेंगळुरात, पैसा कुठंतरी घालायचा होता. "आम्ही काय उदगीर सोडणार न्हाई," महादेवप्पा म्हणाले. "घर सांभाळायला मातर कुणीतरी पायजे."

मंजुश्रीचा चेहरा फुलला. कुलूप काढून तिनं अडकणारं दार गुडघ्यानं ढकललं. "बोअरचं पाणी गोड हाय, अव्वा. ओसरीत सांजच्याला असा वारा येतो! मागची खोली दुपारी तापते, गच्ची थोडी गळते, पण राहणाऱ्यांना सवय झालीय."

सिद्धम्मा स्वयंपाकघरात डोकावली. भांडी लखलखत होती. "भाडेकरीण नीटनेटकी दिसतीय. कुठं गेलीय?"

"कामावर."

"भाडं वेळेवर देतात का?" महादेवप्पांनी विचारलं.

"एक महिना चुकलेला न्हाई. माझा जिम्मा."

नवराबायकोनं एकमेकांकडं पाहिलं. जमलं! त्याच आठवड्यात इसार झाला, भाईंनी पेढे वाटले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "आजपासून ही आमची माणूस." मंजुश्रीचे डोळे भरून आले. आनंद गगनात मावत नव्हता.

"आता त्या भाडेकरणीला सांगून येऊ," सिद्धम्मा म्हणाली. "घर सोडायचं न्हाई म्हणावं. बिचारीच्या जिवाला घोर लागला असंल."

तिघं औसा रोडला आले. घराला कुलूप होतं. मंजुश्रीनं पर्समधून किल्ली काढली, दार गुडघ्यानं ढकललं आणि दोघांना ओसरीत बसवलं.

"कधी यायची ती?" सिद्धम्मानं विचारलं.

"ही काय, आली की, अव्वा," मंजुश्रीनं पदर खोचला. "बसा निवांत. मास्तरबी शाळेतून येतीलच, तोवर चहा टाकते."