दक्षिणेकडचं नगर

"दक्षिणेकडचं नगर काही केल्या आपल्याशी व्यापार करत नाही, आजोबा," तेजस्विनी म्हणाली.

गोकुळदासांनी खुर्ची कॉम्प्युटरजवळ ओढली. पेडण्याच्या बाजारात त्यांनी तीस वर्षं काजूचं दुकान चालवलं होतं. चीनमधला व्यापार मात्र या मे महिन्यातच सुरू झाला होता. डिचोलीला मुलाने, प्रथमेशने, नवा कॉम्प्युटर घेतला, जुना नातीच्या सुटीपुरता कोरगावला आजोबांकडे आला. त्यातल्या खेळात आजोबा आणि नात मिळून फार जुन्या काळचं एक चिनी नगर वसवत होती. नगरात रेशीम भरपूर होतं, मीठ आणि लाकूड बाहेरून आणायचं होतं. व्यापारावर नगर जगवायचं, एवढीच मोहीम.

गोकुळदासांचे डोळे मोतीबिंदूने अधू झाले होते. पडद्यावर त्यांना नुसते हिरवे-पिवळे ठिपके दिसत. तेजस्विनी वाचून सांगे आणि ते सल्ला देत. चार नगरांशी एकदम सौदे करू नको. आधी एक माल उत्तम कर. वखार रस्त्याला लागून हवी. आपल्या माणसांच्या घरात पोचल्याशिवाय काही बाहेर विकायचं नाही. त्या सल्ल्यावर उत्तरेचे आणि पश्चिमेचे तांडे येऊ लागले होते.

"भांडण झालं होतं काय त्या नगराशी?" त्यांनी विचारलं.

"हो. खूप पूर्वी. कोणी काढलं ते लिहिलेलं नाही."

"मग भेट पाठव. वायंचशीच पाठव, मोठी पाठवलीस तर त्यांना संशय येईल. आपल्याकडे चांगलं होतं ते पाठव. आणि बदल्यात काही मागू नको."

"त्यांनी परत केली तर?"

"भेटीचं भांडं रिकामं परत करत नाहीत, बाय. चीनमध्येही नसतील करत."

तिने मान हलवली आणि कॉम्प्युटर बंद केला. खेळ असा अर्ध्यावर सोडून ती उठली याचं गोकुळदासांना नवल वाटलं.

रविवारपर्यंत मोहीम संपवायची होती. रविवारी प्रथमेश गाडी घेऊन येणार होता, नातीबरोबर आजोबांनाही डिचोलीला न्यायला, ते कायमचंच. पत्नी सुशीलाबाई गेल्यापासून गोकुळदास घरात एकटे होते. गेल्या महिन्यात ते न्हाणीत घसरले, आणि सकाळी पोदेर पाव घेऊन दाराशी आला तेव्हा कुठे कोणाला कळलं. सकाळ-संध्याकाळ डोकावणारं माणूस नसेल तर घराला कुलूप, असं प्रथमेशने सांगितलं होतं.  त्या दिवशी गोकुळदासांनी विहिरीपासून माडांपर्यंत तीन फेऱ्या जास्त मारल्या. तेजस्विनी पायरीवर बसून मोजत होती.

त्या आठवड्यात काजूगर भराभर संपू लागले. ते मेजावरच्या पितळी डब्यात असत. डब्याला झाकण नव्हतं. वाटण्यांच्या वेळी डबा गोकुळदासांकडे आला आणि झाकण पलीकडच्या घरातल्या धाकट्या भावाकडे, शिवदासकडे गेलं. एकाने मागितलं नाही, दुसऱ्याने दिलं नाही. बारा वर्षं डब्यावर ताटली होती.

"नुसत्या झाकणाचं ते काय करत असतील?" तेजस्विनीने एकदा विचारलं होतं.

"चहा निवतोय तुझा," आजोबा म्हणाले होते.

पोर खाते तर खाऊ दे, म्हणून त्यांनी आणखी काजूगर भाजले. जेवताना पानात मिठात घातलेली तोरं, कोवळ्या कैऱ्या, आली. एक तोंडात घालून ते जरा थांबले. अगदी आईच्या हातची चव. डिचोलीहून नातीबरोबर आलेली असतील असं धरून, सूनबाईला हे कधीपासून जमायला लागलं, असं त्यांनी विचारलं. आमटी संपवण्याच्या घाईत तेजस्विनीला ते ऐकू आलं नसावं. दुसऱ्या दिवशी फणसाचं वाळवलेलं साट होतं. तेही तसंच.

"दक्षिणेने भेट घेतली," गुरुवारी तिने सांगितलं. "पण बोलत नाहीत."

"बोलतील. रोज जा. आपण कशाला आलो ते सांगू नको, बस आणि ये."

"पाऊण तास बसले तर चालेल?"

"तांडा बसतो तेवढा वेळ. काय गो, घड्याळ पण आहे काय त्या खेळात?"

खोलीत उकडत होतं. तिने दक्षिणेचं जनेल उघडू का विचारलं. नको, गोकुळदास म्हणाले, पलीकडच्या अंगणातला धूर येतो.

रविवारी प्रथमेश आला. त्याने बॅगा ओसरीवर काढल्या. गोकुळदास एकेका खोलीची जनेलं लावत फिरले. काही लावायची राहिली नाहीत, तेव्हा मेजाशी येऊन बसले.

"जिंकलीस काय मोहीम?"

"जिंकले," तेजस्विनी म्हणाली. "दक्षिणेने आज सकाळी आपणहून भेट पाठवली. आणि निरोप दिलाय, सकाळ-संध्याकाळ त्यांचं माणूस येईल."

"बघ. आता नाही पडायचं तुझं नगर." आठवड्यात पहिल्यांदा ते मोकळे हसले. प्रथमेशला म्हणाले, "हिला दक्षिणेचं नगर मिळवून दिलं मी. तुला दुकानात कधी एवढं शिकवता आलं नाही."

कॉम्प्युटर गाडीत न्यायचा म्हणून प्रथमेश तो बंद करायला बसला होता. तो पडद्याकडे बघत राहिला.

"कुठलं नगर, बाबा? या नकाशात दक्षिणेला नुसता समुद्र आहे."

गोकुळदासांनी नातीकडे बघितलं. ती दाराच्या चौकटीला टेकून पायाच्या अंगठ्याने जमिनीवर रेघ ओढत होती.

"काजूगर घ्या ना वाटेला," ती म्हणाली.

ताटली बाजूला करायला त्यांनी डब्याकडे हात नेला. ताटली नव्हती. हाताला लागलं ते डब्यावर घट्ट बसलेलं पितळी झाकण.