लाथेपासून घोरण्यापर्यंत

"चहा छान झालाय हो तुमचा," शालन म्हणाली आणि केतकीनं हातातला कप खाली ठेवला. आईनं तिला कधीच अहो-जाहो केलं नव्हतं.

सकाळी याच स्मृतिकेंद्रात शालनच्या आठवणी मजकुरात उतरवून त्यातला नवऱ्याचा मार तेवढा काढून टाकायचा होता. तो गेल्याच महिन्यात वारला, पण शालन अजून झोपेत दचकायची. मजकुरातलं काय उचलायचं हे यंत्राला सांगणारं शोधसूत्र केतकीनं, त्याच्या मुलीनंच, लिहिलं होतं. बापानं दारावर लाथ घातली की मजकूर पकडायचा आणि तो घोरू लागला की सोडायचा. मात्र लगेचच्या घोरण्यापाशी थांबायचं, हे सांगायला ती विसरली. यंत्रानं पहिल्या रात्रीची लाथ धरली आणि शेवटच्या रात्रीच्या घोरण्यापर्यंतचा सगळा संसार एका घासात उचलला. केतकीचा जन्मही त्यातच गेला.

पकडलेला मजकूर शाबूत होता, पण डोक्यात परत घालता येत नव्हता. केतकी तो मार वगळून आईला वाचून दाखवू लागली. तापात कपाळावर ठेवलेल्या पट्ट्या, नवऱ्याच्या चोरून लेकीला शिकवलेली सायकल.

"किती जीव हो त्या बाईचा पोरीवर!" शालन म्हणाली. "पोर बघते ना आता तिच्याकडे?"

"बघते."

"मग झालं. निघते मी, घरी आई वाट बघत असेल."

केतकीची आजी केव्हाच वारली होती. ते आईला आता दुसऱ्यांदा सांगावं लागणार होतं.

"चला," केतकी म्हणाली, "मी सोडते तुम्हाला."