गौरम्माचं पाणी

लातुरात समुद्र कुठला? म्हणून नौदलातून निवृत्त झालेल्या बायकांनी आपल्या संघटनेत एक रीत पाडली होती. स्मृतिदिनाला गेलेल्या मैत्रिणीचं नाव पुकारायचं, तिच्यासोबत नोकरी केलेल्या बाईनं उठून ‘हाजिर’ म्हणायचं आणि घरून आणलेलं तांब्याभर पाणी परातीत ओतायचं. यंदा दुष्काळानं नळ कोरडेठाक पडले होते, तरी बायका पाणी घेऊन आल्या होत्या.

“कमांडर तारामती!”

तारामतीबाई संघटनेच्या अध्यक्ष. गेल्याच महिन्यात वारल्या. त्यांच्या हाताखाली नोकरी केलेली इथं एकटी शिवकांताच. ती जागची हलली नाही.

शिवकांताची मैत्रीण गौरम्माही बाईंच्याच हाताखाली होती. तिचा बाप शेवटच्या घटका मोजत होता, तेव्हा याच बाईंनी ‘जा, मी सांभाळते’ म्हणून तिला तोंडी सुटी दिली आणि मागाहून कानांवर हात ठेवले. गौरम्मा पळपुटी ठरली, नोकरी गेली, झुरून झुरून मेली. शिवकांता दरसाल तिच्यासाठी पाणी आणायची आणि बाई सगळ्यांदेखत म्हणायच्या, “पळपुट्या बाईसाठी इथं पाणी सांडायचं नाही.”

नाव पुन्हा पुकारलं गेलं. पुढच्या रांगेतून तारामतीबाईंची लेक हात जोडून वळली. “मावशी, आईसाठी उठा ना.”

शिवकांता उठली.

“गौरम्मा, हाजिर!”

तिनं परातीत तांब्या पार उपडा केला आणि रिकामा तांब्या त्या लेकीच्या हातात दिला.

“दुष्काळ हाय, पोरी. तुझ्या आईपुरतं न्हाई उरलं.”