मोकळ्या रानातली सावली

मिरजगावचं ते रान लिंबोणीला चालेल का, हे तपासता तपासता आराधना पार वैतागली होती. उपग्रहाच्या प्रत्येक फोटोत रानाच्या मधोमध एका झाडाची सावली पडलेली दिसायची. झाड मात्र एकातही नव्हतं. त्या सावलीपायी संगणक रान नापास करायचा. तिनं खोडली, तरी ती परत उमटायची.

शेवटी भर उन्हात चडफडत ती रानातच आली.

“इथं झाड कवाच नव्हतं, मॅडम,” रानाचे मालक गहिनीनाथ बांधावरून म्हणाले. “आणलेली रोपं वाळाया लागली आमची.”

मोबाईलवर बघत ती नेमकी त्या जागी जाऊन उभी राहिली. अंगावरचं ऊन एकदम गेलं. डोक्यावर पानं सळसळली. तिनं वर पाहिलं, तर नुसतं आभाळ.

थेट तिच्याकडे बघत गहिनीनाथ हाका मारू लागले, “मॅडम, ओ मॅडम! कुठं गेलात?”