पहिला आकडा सोडायचा

२०१८ च्या मार्चअखेर ओमानमधल्या सोहारच्या एका पोलाद कारखान्यातल्या डॉक्टरनं कॉनराड तुस्कानोला क्रेनवरून खाली उतरवलं. प्रेशर फार चढलं होतं. महिनाभर गोळ्या घ्या, रोज सकाळी घरी मोजा. आकडे ताळ्यावर आले तर पुन्हा क्रेनवर, नाहीतर कायमचे वसईला. कॅन्डिस, त्याची लेक, तेव्हा नुकतीच बारावीत गेली होती.

त्याच्या बायकोनं, ब्रिजेटनं, त्याच संध्याकाळी दंडाला पट्टा बांधायचं मशीन आणलं. खालच्या मजल्यावर चिपळूणची खुदेजा राहायची, दवाखान्यात नर्स होती. ती वर येऊन शिकवून गेली.

"पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकून. पाय जमिनीवर. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर, छातीच्या उंचीला. आणि भाभी, पहिला आकडा सोडून द्यायचा. दुसरा धरायचा."

"का गं?"

"पहिला जरा चढाच येतो."

ब्रिजेटला ते लगेच पटलं. पहिला पोळा नाही का तव्याला चिकटत?

कॉनराडला मात्र दोनदा दंड आवळून घेणं खपेना. "एकदाच काय ते कर. दुसऱ्यांदा आवळलंस की डोकं तापतं माझं, मग चढणारच ना!"

तेही खरं होतं. ब्रिजेटनं तोड काढली. पहिल्या खेपेला पट्टा ती स्वतःच्याच दंडाला बांधी. मशीनची रग जिरली की मग त्याच्या.

रोज तसंच व्हायचं. पहिला आकडा भलताच, दुसरा शहाणा.

"मशीनसुद्धा तुला घाबरतं बघ," कॉनराड म्हणायचा.

"घाबरू दे. तू कधी घाबरलास?"

"मम्मी, हे क्रेझी आहे," कॅन्डिस एकदा म्हणाली. "आधी इतकं हाय, मग पप्पाचं एकदम नॉर्मल? नवीन घेऊ या."

"म्हणून तर पहिला सोडायचा, बाय. नर्सला तुझ्यापेक्षा जास्त कळतं."

कॉनराडच्या पानातलं सुकट आणि लोणचं बंद झालं. टाकवत नाही म्हणून ते ब्रिजेट संपवी. तिची मान सारखी दुखे. त्याचं खापर ती एसीवर फोडी.

एप्रिलअखेर कारखान्यात डॉक्टरनं कॉनराडचं प्रेशर मोजलं. घरच्या आकड्यांशी बरोबर जुळलं. "मशीन चांगलं आहे तुमचं," डॉक्टर म्हणाला. फोरमन म्हणाला, "खलास, यल्ला, वर चढ!"

त्या संध्याकाळी ब्रिजेटनं सुरमई तळली. अल्तारीपुढे मेणबत्ती लावली. कितीतरी दिवसांनी घरात मोठ्यानं हसणं झालं.

कॉनराड अजून क्रेन चालवतो. गोळी चुकवत नाही. कॅन्डिस शिकली, आता मस्कतला नोकरी करते, दर गुरुवारी रात्री बापाकडे येते. खुदेजा चिपळूणला परतली, नातवंडांत रमली. आणि ब्रिजेट वसईला, चर्चमागच्या दफनभूमीत आहे. कॉनराड क्रेनवर परतला त्याच वर्षी नाताळच्या करंज्यांची कणीक मळता मळता ती कोसळली. डोक्यातली शीर फुटली होती.

इस्पितळातल्या डॉक्टरनं कॉनराडला बाजूला घेऊन विचारलं होतं, "यांचं प्रेशर कितीतरी वर्षं असं चढलेलं असेल. घरी कधीच मोजलं नव्हतं?"

"मोजायची ना," कॉनराड म्हणाला. "रोज. माझ्या आधी."